पोटासाठी पळालेली माणसं

मराठवाड्यात ‘सोळाशे’ म्हटलं की ‘रुपये का मीटर’ असं कुणी विचारत नाही. भरतीची तयारी करणाऱ्या पोराला नुसतं ‘सोळाशे किती?’ एवढं विचारायचं. तो ‘पाच वीस’ नाहीतर ‘पाच पस्तीस’ असं सांगून मोकळा होतो. पोलीस भरतीत १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत मारलं तर २० पैकी २० गुण. शंभर मीटरला १५, गोळ्याला १५. असं ५० गुणांचं ग्राउंड निघालं की मग लेखी. आमच्या बीड जिल्ह्यात तालुक्याच्या कुठल्याही गावाबाहेर पहाटे निघालात तर डांबरी रस्त्याच्या कडेला ऑइलपेंटनं लिहिलेले आकडे दिसतील: ०, ४००, ८००, आणि पुढं एखाद्या बाभळीच्या बुंध्यावर १६००. बुंध्यावरचा आकडा थोडा मागंपुढं असायचा, कारण अंतर मोजलेलं असतं मोटारसायकलच्या मीटरवर.

त्या रस्त्यावर पोरांना पळवणारे एक जण माझ्या ओळखीचे आहेत. माझ्यापेक्षा वयानं बरेच लहान, पण पोरं त्यांना सर म्हणतात म्हणून मीही म्हणतो. स्वतः भरतीत एका गुणानं हुकले, मग वय निघून गेलं, आता दुसऱ्यांची वेळ लावतात. गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच, आणि एका वहीत प्रत्येक पोराचं पान.

मला जुन्या शर्यतींच्या नोंदी वाचायचा नाद आहे. घरात तो कुणालाच पटत नाही, पण आहे. त्यामुळं सोळाशे म्हटलं की मला मैल आठवतो. मैल म्हणजे १६०९ मीटर आणि वर ३४ सेंटिमीटर. भरतीचं अंतर त्याहून नऊ मीटरनं कमी. पोरांच्या हातातला ७ किलो २६० ग्रॅमचा गोळा म्हणजे जुना सोळा पौंडी गोळाच. इंग्रजांच्या मैदानावरची ही मापं फिरत फिरत बालाघाटाच्या डोंगरापर्यंत पोचली. त्यांच्याबरोबर ज्यांच्या गोष्टी यायला हव्या होत्या ती माणसं मात्र वाटेत गळाली. ओवेन्स, झाटोपेक, बॅनिस्टर, आपला मिल्खा, ही नावं सगळ्यांना पाठ आहेत आणि त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मला ओढ आहे ती पोटासाठी पळालेल्यांची. या खेळात ती पहिल्यापासून होती, भरपूर होती, आणि त्यांना मैदानाबाहेर ठेवायचे नियम करण्यात आणि राखण्यात खेळाच्या कारभाऱ्यांची शंभर वर्षं गेली.

वॉल्टर जॉर्ज हा त्यातला माझा लाडका. इंग्लंडातल्या वूस्टर गावी औषधाच्या दुकानात उमेदवारी करणारा पोरगा. दुकान सकाळपासून रात्रीपर्यंत, पळायला वेळ कुठला? १८७४ साली, सोळा वर्षांचा असताना, त्यानं उभ्या जागी करायचा एक व्यायाम काढला. एकेक गुडघा कमरेच्या उंचीला आणायचा, पाऊल परत त्याच खुणेवर टेकवायचं, असं शंभर वेळा. नाव ठेवलं ‘हंड्रेड अप’. सरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “हे तर आपलं हाय-नी. पाऊस असला की शेडमधी तेच घेतो की आम्ही.” मग म्हणाले, “पण त्या खुणेचं बरंय. आमची पोरं गुडघा मारता मारता पुढं सरकत सरकत पार भिंतीला जाऊन धडकतेत.” दुसऱ्या दिवशी शेडच्या फरशीवर खडूच्या जोड्या-जोड्यांनी रेघा मारलेल्या होत्या.

जॉर्ज पुढं इंग्लंडातला सगळ्यात तगडा हौशी धावपटू झाला. हौशी म्हणजे पैसे न घेणारा. त्याच काळात स्कॉटलंडचा विल्यम कमिंग्ज पैशावर पळायचा. दोघांतलं कोण भारी हे ठरवायची सोयच नव्हती, कारण हौशी माणूस धंदेवाल्याबरोबर पळाला की तोही बाटला. शेवटी १८८५ मध्ये जॉर्जनं हौशीपणा सोडून दिला. २३ ऑगस्ट १८८६ ला लंडनच्या लिली ब्रिज मैदानावर दोघं मैलभर भिडले. कमिंग्ज अखेरच्या टप्प्यात कोलमडला, आणि जॉर्जची वेळ लागली ४ मिनिटं १२.७५ सेकंद. ही वेळ १९१५ पर्यंत जगात कुणाला मोडता आली नाही. आणि गंमत बघा. जागतिक संघटनेनं मैलाच्या विक्रमांची अधिकृत यादी उघडली ती १९१३ सालच्या ४ मिनिटं १४.४ सेकंदांनी. सत्तावीस वर्षांपूर्वीच्या वेळेहून दीड सेकंदानं हळू पळालेला माणूस ‘पहिला विश्वविक्रमवीर’ म्हणून छापला गेला. जॉर्जनं पैसे घेतले होते ना!

हे सोवळं आलं कुठून? १८६६ मध्ये लंडनला अमॅच्युअर अॅथलेटिक क्लब निघाला, त्यानं हौशी कुणाला म्हणायचं ते ठरवलं. शर्यतीचे पैसे घेणारा हौशी नाही, हे एक. पण कारागीर, मिस्त्री, मजूर, हातानं काम करून पोट भरणारा कुणीही हौशी नाही, हे दुसरं. त्यानं आयुष्यात एक पैचं बक्षीस घेतलेलं नसलं तरी तो बाद. १८८० मध्ये नव्या संघटनेनं ही मजुरांची अट काढली, पैशाची ठेवली, आणि पैशाची अट ऑलिंपिकच्या वाटेनं जगभर गेली. माणसाला त्याच्या कामावरून पंगतीबाहेर बसवायचा प्रकार आपल्याला काही नवा नाही, त्यामुळं हे कलम वाचताना मला परकं असं काही वाटलं नाही.

उलट पैशाच्या बाबतीत आमच्याकडचा माणूस फार मोकळा. जत्रेतल्या फडात कुस्ती भोंग्यावरून पुकारतात ती इनामासकट. आधी पोराटोरांच्या नारळावरच्या, मग शंभराच्या, पाचशेच्या, आणि दिवस कलला की शेवटची मोठी. जिंकलेला पैलवान अंगावरच्या मातीसकट फडाला चक्कर मारतो आणि लोक आपणहून त्याच्या हातात नोटा कोंबतात. या नोटांनी कुस्ती बाटली असं म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. अलीकडं पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला ‘भव्य मॅरेथॉन’ निघतात, पाच किलोमीटरच्या. (मॅरेथॉन ४२ किलोमीटर १९५ मीटरची असते हे फ्लेक्सवाल्याला सांगायला जाऊ नये.) पहिलं बक्षीस बऱ्यापैकी असलं की परभणी-नांदेडची पोरं रात्रीच्या एसटीनं येतात, स्टँडवर झोपतात, सकाळी जिंकतात आणि दुपारच्या गाडीनं परत. बक्षिसामागं गावोगाव हिंडणाऱ्याला जुन्या इंग्लंडात हिणवायचे. इथं लोक म्हणतात, पोरगं लई काटक हाय.

या सोवळ्याचा सगळ्यात मोठा बळी मैलाच्याच शर्यतीतला. स्वीडनचा गुंडर हेग, लाकूडतोड्याचा मुलगा, पुढं अग्निशमन दलात नोकरीला. रानातल्या पायवाटांवर, बर्फात पळून तयार झालेला. १९४२ च्या उन्हाळ्यात, जुलै ते सप्टेंबर एवढ्या दिवसांत, त्यानं दहा विश्वविक्रम केले. ५००० मीटर १४ मिनिटांच्या आत पळणारा पहिला माणूस तोच. त्याचा जोडीदार आणि वैरी आर्ने अँडरसन, शाळामास्तर. बाकीचं जग महायुद्धात जळत होतं, स्वीडन तटस्थ होता, आणि हे दोघं मैलाचा विक्रम एकमेकांच्या हातातून हिसकावत होते. तीन वर्षांत त्यांनी तो ४ मिनिटं ६ सेकंदांवरून ४ मिनिटं १.४ सेकंदांवर आणून ठेवला. चार मिनिटांची भिंत दीड सेकंदावर आली होती.

१९४६ मध्ये दोघांवरही तहहयात बंदी आली. गुन्हा एकच, पळण्याचे पैसे घेतले. मैदानं भरत होती, तिकिटं खपत होती, भरवणारे कमवत होते. त्यात हात काळे झाले ते फक्त पळणाऱ्याचे. ६ मे १९५४ ला रॉजर बॅनिस्टर ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत मैल पळाला आणि अमर झाला. बॅनिस्टर गुणी माणूस, शंकाच नाही. पण तो डॉक्टरकी शिकत होता, शर्यत हरला असता तरी दवाखाना ठरलेला होता. भिंत त्यानं पाडली हे खरं, पण ती खिळखिळी करून ठेवणाऱ्या फायरमनला आणि मास्तराला घरी बसवून आठ वर्षं झाली होती, हे त्या गोष्टीत कुणी सांगत नाही.

सोळाशे मारून, मांडीवर हात टेकून धापा टाकत बसलेल्या पोरांना मी एकदा जिम थॉर्पचं सांगितलं. अमेरिकेतला मूळनिवासी, १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकात पाच खेळांची पेंटॅथलॉन आणि दहा खेळांची डेकॅथलॉन दोन्ही जिंकलेला. आधी कधीतरी बेसबॉल खेळून चार पैसे घेतले होते म्हणून १९१३ मध्ये त्याची पदकं काढून घेतली. तो १९५३ मध्ये वारला. पदकं परत द्यायचं ठरलं १९८२ मध्ये, आणि एकमेव विजेता म्हणून नोंद झाली ती २०२२ मध्ये. मला वाटलं पोरं हळहळतील. त्यातल्या एकानं तोंड पुसत विचारलं, “मग काका, घरच्यांला फरक मिळाला असंल की तेवढ्या वर्षांचा?”

उन्हाचंही या माणसांशी जुनं वाकडं आहे. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकची मॅरेथॉन धुळीच्या रस्त्यावर, भर उन्हात, आणि पाण्याची सोय म्हणाल तर जवळजवळ अर्ध्या वाटेवरची एक विहीर. पाणी न पिता शरीर किती तग धरतं हे संयोजकांच्या मुख्याला बघायचं होतं! ३२ जण सुटले, १४ पोचले. त्यांत क्युबाचा फेलिक्स कार्वाहाल हा पोस्टमन होता. अंगातली लांब पँट कापून अर्धी केली आणि पळाला. भूक लागली म्हणून वाटेत बागेतली सफरचंदं खाल्ली, ती नासकी निघाली, पोट धरून बसावं लागलं, तरी चौथा आला. आणि लेन ताउनयाने व यान माशियानी हे दक्षिण आफ्रिकेतले दोन त्स्वाना गडी. तिथं भरलेल्या जत्रेसारख्या प्रदर्शनात बोअर युद्धाचा खेळ दाखवायला त्यांना आणलेलं होतं, तिथून ते शर्यतीत उतरले. ऑलिंपिकात पळालेले पहिले कृष्णवर्णीय आफ्रिकन ते हेच दोघं. ताउनयानेच्या मागं कुत्रं लागलं, तो रस्ता सोडून लांबपर्यंत पळाला, आणि तरी नववा. माशियानी बारावा. पुढं १९१२ मध्ये स्टॉकहोमला पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो हा सुतार उन्हापासून बचाव म्हणून अंगाला मेण फासून मॅरेथॉन पळाला, घाम आतच कोंडला, आणि दुसऱ्या दिवशी वारला. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या वाचकाला उन्हाचं आणि पाण्याचं आणखी काय सांगायचं? भरतीचं पळणंही पूर्वी पाच किलोमीटरचं होतं. २०१४ मध्ये मुंबईत उन्हात पळताना काही उमेदवार दगावले, त्यानंतर ते कमी होत होत सोळाशेवर आलं.

मुलींना ८०० मीटर. २ मिनिटं ५० सेकंदांत २० गुण.

सरांकडं मुली कमी, पण येतात. त्यांतल्या एकीचे आई-वडील दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याला जातात, हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत परत येत नाहीत. ती आजीजवळ राहते. अंधार असतो तोवर तिचा मामा आपली स्प्लेंडर तिच्या मागं चालवतो, पहिल्या गियरमध्ये. दिव्याच्या उजेडाच्या पट्ट्यात तिची सावली एवढी लांब पडते की डोकं पुढच्या खुणेपर्यंत जातं, आणि ती बोलून दाखवते, “मामा, गाडी जरा बाजूनं घे, मला माझंच डोकं दिसायलंय.” मामा गाडी बाजूनं घेतो. मग खड्डे दिसत नाहीत. यावर दोघांचं रोज थोडं भांडण होतं.

ती रोज पळते त्या अंतरावर ऑलिंपिकात मुलींना ३२ वर्षं बंदी होती. १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकात बायकांची ८०० मीटर पहिल्यांदा झाली. जर्मनीची लीना राडके २ मिनिटं १६.८ सेकंदांचा विश्वविक्रम करून जिंकली. अंतिम शर्यतीत नऊ जणी होत्या, नऊच्या नऊ जणींनी ती पुरी केली. शेवटाला काहीजणी दमून खाली बसल्या, आडव्या झाल्या, पुरुषही होतात. पण वर्तमानपत्रांनी रंगवलं की अकरा अभागी बायका पळाल्या आणि पाच जणींनी मधेच सोडलं. न पळालेल्या दोघी कुठून आल्या हे त्या वार्ताहरालाच माहीत. बायकांच्या प्रकृतीला हे झेपत नाही, असं ठरवून शर्यत काढून टाकली ती १९६० च्या रोम ऑलिंपिकात परत आली.

त्या शर्यतीत दुसरी आली जपानची हितोमी किनुए. तिची खरी शर्यत १०० मीटरची, तिथं ती उपांत्य फेरीत बाद झाली. रिकाम्या हातानं देशाला तोंड कसं दाखवायचं म्हणून तिनं कधीही न पळालेलं ८०० मीटर घेतलं आणि रौप्य जिंकलं. जपानी बाईचं हे पहिलं ऑलिंपिक पदक. ती वर्तमानपत्रात नोकरी करायची. पळायची, बातम्या लिहायची, बाकीच्या मुलींना परदेशी नेण्यासाठी पैसे गोळा करायची. पदक मिळालं ती तारीख २ ऑगस्ट १९२८. न्यूमोनियानं ती गेली ती तारीख २ ऑगस्ट १९३१. वय २४.

पण मुलींच्या घोळक्यात मी जिचं नाव काढतो ती स्तामाता रेविथी. १८९६, अथेन्स, पहिलं आधुनिक ऑलिंपिक. रेविथी तीस वर्षांची, गरीब, राहायला पिरायस बंदरात. सात वर्षांचं एक मूल आदल्या वर्षी गेलेलं, कडेवर सतरा महिन्यांचं दुसरं. अथेन्समध्ये काहीतरी काम मिळेल म्हणून ती बाळाला घेऊन पायी निघाली. वाटेत एक पळणारा माणूस भेटला. त्यानं थोडे पैसे दिले आणि सुचवलं की मॅरेथॉन पळ, नाव होईल, पैसा मिळेल. तिला ते पटलं. लहानपणी आपण बऱ्यापैकी पळायचो हे तिला आठवलं असणार. ती मॅरेथॉन गावाला जाऊन पोचली, पत्रकारांशी तोऱ्यात बोलली, आणि शर्यतीच्या दिवशी, १० एप्रिलला, तिला उभं करून घेतलं नाही.

ती दुसऱ्या दिवशी एकटीच पळाली. निघण्याआधी तिनं जे केलं ते मला फार भावतं. तिनं गावातल्या शाळामास्तराची, नगराध्यक्षाची आणि न्यायाधीशाची एका कागदावर सही घेतली: अमुक वाजता ही बाई इथून निघाली. सकाळी आठला निघाली, दुपारी दीडच्या सुमाराला अथेन्सला पोचली. साडेपाच तास. वाटेत बंदरावर जहाजं बघत थोडी रेंगाळली म्हणे. पोचल्यावर भेटलेल्या लष्करी अधिकाऱ्यांकडून पोचल्याची सही घेतली. त्यांनी विचारलं, एवढं पायाचे तुकडे करून कशाला पळालीस? तिचं उत्तर साधारण असं होतं की राजानं माझ्या पोराला पुढं कुठं चिकटवून घेतलं तर बरं होईल. आणि तो सह्यांचा कागद घेऊन ती ऑलिंपिक समितीच्या सचिवांना गाठायला निघाली. पुढं तिचं काय झालं, याची कुठंच नोंद नाही.

ज्या दिवशी तिला उभं केलं नाही, त्या दिवशीची शर्यत जिंकलेला स्पिरिडॉन लुईस हा अथेन्सला पाणी वाहून नेऊन विकणारा होता. त्याचे पुतळे आहेत, स्टेडियमला त्याचं नाव आहे. असायलाच हवं. रेविथीच्या कागदाचं मात्र मला राहून राहून वाटतं. आपल्याकडं सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यापायी कधीही न खेळलेल्यांची प्रमाणपत्रं पकडली गेली. तिचा कागद अस्सल, तीन मातब्बरांच्या सहीचा, आणि तो घ्यायला समोर टेबल नव्हतं. हे ऐकून ती ऊसतोडवाल्याची पोरगी म्हणाली, “बाळ कुणाजवळ ठेवलं होतं तिनं पळताना?” इतिहासकारांनाही सुचू नये असा प्रश्न. मी आजवर जे वाचलंय त्यात कुणीच तो विचारलेला नाही.

आता घराजवळ यायचं. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं खेळांच्या स्पर्धा भरवल्या, सर दोराबजी टाटा अध्यक्ष होते. त्यात पळणारी बरीचशी शेतकऱ्यांची पोरं, अनवाणी, कुठलंही शिक्षण नसलेली, आणि तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या वेळांच्या जवळ जात होत्या. दोराबजींना त्याचं नवल वाटलं. त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ गेला. बेळगावचे फडेप्पा चौगुले त्यात मॅरेथॉन पळाले. त्या वर्षीची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, ४२ किलोमीटर ७५० मीटरची. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत १९ वे आले. जिंकलेला फिनलंडचा कोलेहमाइनेन अमेरिकेत गवंडीकाम करून आलेला होता. संघाबरोबर मॅरेथॉनला सदाशिव दातार होते, कुस्तीला कुमार नवले आणि रणधीर शिंदे. पहिल्या संघात एवढी मराठी नावं असून शाळेच्या पुस्तकात त्यांतलं एक आम्हाला कधी भेटलं नाही. आम्हाला पहिलं ऑलिंपिक पदक कुणाचं एवढंच विचारायचे, आणि त्याचंही उत्तर गुरुजींनुसार बदलायचं.

मग थेट आमच्या आष्टी तालुक्यावर. मांडव्याचा अविनाश साबळे, आई-वडील वीटभट्टीवर मजुरीला, पोरगं पळत शाळेला. बारावी होताच सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये. सियाचिनला राहून आला. पळण्याच्या स्पर्धा त्यानंतरच्या, आणि स्टीपलचेस तर त्याहून नंतरचं. ३००० मीटरच्या या शर्यतीत २८ वेळा तीन फुटी लाकडी अडथळा आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा. अडथळ्याच्या शर्यतीतला हर्डल पायाला लागला तर पडतो. हा पडत नाही, पळणाराच पडतो. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत साबळेनं ८ मिनिटं ११.२० सेकंदांत रौप्य घेतलं. पहिला आलेल्या केनियाच्या किबिवोटची वेळ ८:११.१५. १९९४ नंतर त्या शर्यतीत केनियाबाहेरच्या माणसाला मिळालेलं हे पहिलं पदक. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण.

ते पाच शतांश सेकंद आमच्या भागात लोकांना अजून लागतात. सर म्हणतात, एक लाकूड नीट ओलांडलं असतं तर. मी म्हणतो, १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकची स्टीपलचेस बघा. फेऱ्या मोजणाऱ्याचं लक्ष गेलं आणि सगळ्यांना एक फेरी जास्त पळायला लावली, ३००० च्या जागी जवळपास ३४६०. अमेरिकेचा जो मक्लस्की खऱ्या अंतराला दुसरा होता, त्या फुकटच्या फेरीत इंग्लंडच्या एव्हनसननं त्याला गाठलं आणि तो तिसरा झाला. निकाल तसाच राहिला. सर एकदम गंभीर झाले. “म्हणून तर आता चिप लावतेत भरतीला,” ते म्हणाले.

साबळेनं २०१८ मध्ये भुवनेश्वरला ८:२९.८० अशी वेळ देऊन राष्ट्रीय विक्रम मोडला, तो कुणाचा होता हे आष्टीतही कुणाला सांगता येणार नाही. गोपाल सैनी, १९८१, ८ मिनिटं ३०.८८ सेकंद. ३७ वर्षं तो आकडा कागदावर होता, आणि पडला तेव्हाच त्या नावाची बातमी झाली. तसाच शिवनाथ सिंग. बिहारच्या बक्सरकडचा, अनवाणी पळणारा. १९७४ च्या तेहरान आशियाई स्पर्धेत ५००० मीटरचं सुवर्ण, १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमध्ये अकरावा, आणि १९७८ मध्ये जालंधरला २ तास १२ मिनिटं सपाट. ही वेळ मोडायला भारतीयांना चार दशकंही पुरली नाहीत. २००३ मध्ये तो गेला.

सध्या सरांकडं एक पोरगा आहे, त्याचं सोळाशे पाच पंधराच्या खाली येत नाही, पण सोळाशे संपल्यावर तो थांबत नाही. बाकीची पोरं आडवी झालेली असतात आणि हा पुढच्या गावाच्या कमानीपर्यंत जाऊन येतो, बोलत बोलत. असं पोरगं लांबच्या शर्यतीचं आहे हे सरांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी ते त्याला लांबचं पळू देत नाहीत. पाय जड होतात, शंभरला मार बसतो, गुण जातात. मी वाद घातला. शिवनाथ सिंगचं सगळं सांगितलं: बक्सर, अनवाणी पाय, दोन तास बारा मिनिटं.

सरांनी वही मिटली. “नोकरीला कुठं होता त्यो?”

“सैन्यात.”

“मग!” सर म्हणाले, आणि पोराला शंभरच्या रेघेवर बोलावलं.